आईची जुनी फिल्म

डब्लिनच्या रुग्णालयात आमच्या आईचा छातीचा एक्स-रे पाहून रेसिडेंट डॉक्टर गप्पच झाला. उजव्या फुप्फुसाच्या टोकाला डाग होता. शिकवणाऱ्या बाईंनी विचारले, "कॉलरबोनच्या मागे, हृदयाच्या मागे पाहिलंस? आणि जुनी फिल्म मागितलीस का?" मग आम्हांला म्हणाल्या, इथल्या म्हाताऱ्यांच्या छातीतही क्षयाचे असे व्रण असतात. 1948 ते 1951 इथे आरोग्यमंत्री असलेल्या नोएल ब्राउन यांचे आईवडील क्षयाने गेले, त्यांना स्वतःलाही तो झाला होता.

फिल्म अलिबागहून आणलेल्या ट्रंकेत निघाली, केतुबाच्या खाली. तारीख लग्नाआधीची, डाग तेवढाच. आईने आम्हांला कधी सांगितले नव्हते. स्थळे परत जातील म्हणून आजोळी सगळ्यांनी तोंड मिटलेले.

"तुमच्या पप्पांना ठाऊक होतं," आई एवढेच बोलली.