लाल रेघ ओढणारी विमानं

विमान म्हटलं, की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? प्रवासी, सामान, फार तर लढाई. हो ना? पण पोटात पाणी भरून पेटलेल्या जंगलाकडे झेपावणारी विमानंही या जगात आहेत. मला त्यांचं भारी वेड! त्यांचे फोटो आणि बातम्या कापून मी वर्षानुवर्षं एका वहीत चिकटवत आले आहे. आज त्या वहीची काही पानं तुमच्याबरोबर उलटूया.

पहिलं पान कॅनडाचं. तिथल्या पश्चिम किनाऱ्याला व्हँकुव्हर नावाचं मोठं बेट आहे, घनदाट जंगलांचं. १९५९ मध्ये तिथल्या लाकूड कंपन्यांनी अमेरिकी नौदलाची चार जुनी विमानं विकत घेतली. त्यांचं नाव ‘मार्टिन मार्स’. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली ही विमानं पाण्यावर उतरणारी होती. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ६१ मीटर! तळ्याच्या पाण्यावरून धावता धावता ती पोटात सुमारे २७,००० लिटर पाणी भरून घेत आणि पुन्हा उडत. १९६१ मध्ये यांतलं एक विमान आगीच्या कामावर असताना कोसळलं. आतले चौघेही गेले. पुढच्याच वर्षी दुसऱ्याचा वादळाने चुराडा केला. उरलेली दोन मात्र पुढे कित्येक वर्षं राबली. ‘हवाई मार्स’ ऑगस्ट २०२४ मध्ये व्हिक्टोरिया शहराजवळच्या संग्रहालयात गेलं आणि ‘फिलिपीन मार्स’ २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात. म्हातारपणी का होईना, सुखाची निवृत्ती मिळाली म्हणायची!

दुसऱ्या पानावर आहे ‘सीएल-४१५’. हेही कॅनडाचंच. आकाराने मार्सपेक्षा लहान, पण भलतंच चपळ. याच्या पोटाचा आकार होडीसारखा असतो. हे विमान तळ्यावर किंवा शांत समुद्रावर न थांबता सरपटत जातं. पोटाखालची दोन लहान तोंडं उघडतात आणि विमानाच्या वेगानेच पाणी आत घुसतं. बारा सेकंदांत सहा हजार लिटर! म्हणजे तुम्ही एक ते बारा मोजेपर्यंत सहा टन वजन वाढलं. तळं जवळ असेल, तर दिवसभर अशा खेपांवर खेपा चालतात. फ्रान्स, इटली, स्पेन, ग्रीस या देशांत उन्हाळा आला, की या विमानांना उसंत नसते.

तिसरं पान जेट विमानांचं. प्रवासी नेणारं ‘डीसी-१०’ बदलून त्यात सुमारे ३५,००० लिटरच्या टाक्या बसवल्या आणि २००६ पासून ते कॅलिफोर्नियाच्या आगींवर जाऊ लागलं. त्याहून मोठं ‘७४७’, म्हणजे जंबो जेट! त्यात ७४,००० लिटर मावत. उन्हाळ्यात गावात येतो तो पाण्याचा टँकर दहा हजार लिटरचा धरला, तर सात टँकर एका विमानात! जानेवारी २०१७ मध्ये चिलीतल्या मोठ्या वणव्यांवर ते गेलं होतं. पण असा हत्ती पोसणं सोपं नाही. २०२१ मध्ये त्याचं हे काम बंद झालं.

ही वही बघून माझ्या भाच्याने विचारलं, ‘‘मावशी, म्हणजे विमान आलं की आग खलास?’’

मी म्हटलं, ‘‘नाही रे बाबा. खरी गंमत पुढेच आहे.’’

ही मोठी जेट विमानं बहुतेक वेळा आगीवर नेम धरतच नाहीत! ती आगीच्या पुढे, अजून न पेटलेल्या गवतावर आणि झाडांवर लाल रंगाचा एक लांबच लांब पट्टा ओढतात. त्यात पाणी असतंच, पण त्यात अमोनियम फॉस्फेटच्या जातीचे क्षार मिसळलेले असतात. शेतकऱ्यांच्या मुलांनो, तुमच्या घरी डीएपी खताचं पोतं असेल ना? त्याच घराण्यातले हे क्षार. नुसतं पाणी उन्हात वाळून जातं. पण हे क्षार पानाला चिकटून राहतात. आग जवळ आली, की त्यांच्यामुळे पाचोळ्यातून पेटणारे वायू फारसे निघत नाहीत, त्याचा नुसता कोळसा होतो. मग आगीला पुढे खायला काही उरत नाही. रंग लाल का? पट्टा कुठे संपला, हे पुढच्या वैमानिकाला वरून दिसावं म्हणून. गेरूला ज्याची लाली असते, तेच लोहाचं ऑक्साइड त्यात घालतात. मात्र माशांना ते घातक असल्यामुळे नदीनाल्यांवर ते पडू नये, याची काळजी घ्यावी लागते.

हा पट्टा ओढायला विमान खूप खाली यावं लागतं. फार उंचावरून टाकलं, तर त्याचे तुषार होऊन वाऱ्यावर उडून जातात. म्हणून एवढं अगडबंब विमान धुरातून, डोंगरांच्या मधून, जमिनीपासून साठ-सत्तर मीटरवर येतं. अमेरिकेत त्याच्या पुढे एक छोटं विमान उडतं आणि रस्ता दाखवतं. वाटाड्याच म्हणा ना! तरीही घात होतो. २५ जुलै २०२३ ला ग्रीसच्या एव्हिया बेटावर पाणी टाकून वळताना एका विमानाचा पंख झाडाला लागला. दोन्ही तरुण वैमानिक गेले. ते पान मी चिकटवलं तेव्हा वही बराच वेळ तशीच उघडी राहिली होती.

आणि वारा? ७ जानेवारी २०२५ ला अमेरिकेत लॉस एंजलिसला आगी भडकल्या. त्या रात्री वारा असा सुटला होता, की विमानं आणि हेलिकॉप्टरं जमिनीवरच थांबवावी लागली. जेव्हा सगळ्यांत जास्त गरज, नेमकं तेव्हाच! दोन दिवसांनी आणखी एक प्रकार घडला. कॅनडातून मदतीला आलेल्या विमानाला कुणीतरी हौसेने उडवलेला ड्रोन धडकला. पंखाला भोक पडलं आणि ते विमान दुरुस्तीला गेलं. एका माणसाची हौस केवढ्याला पडली, पाहा.

भाच्याचा पुढचा प्रश्न तयारच होता, ‘‘मग आग विझवतं कोण?’’

विझवतात ती खाली पायी चालणारी माणसं. फावडी, करवती, पाण्याच्या नळ्या घेऊन ती लाल पट्ट्यामागून येतात आणि धुमसणारा निखारा न् निखारा विझवतात. पट्टा कितीही लांब असला, तरी मागे माणसं आली नाहीत, तर आग वळसा घालून पुढे जाते. विमान आग विझवत नाही, ते या माणसांना थोडी सवड मिळवून देतं.

हे कळलं, तेव्हा मला माझे आजोबा आठवले. आमचं गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी. थंडीच्या दिवसांत आजोबा आणि गावकरी वनखात्याच्या लोकांबरोबर डोंगरावर जात आणि वाळलं गवत काढून एक मोकळी पट्टी तयार करत. तिला म्हणतात जाळरेषा. मग मार्चमध्ये वणवा पेटला, की तो त्या रेषेपाशी येऊन अडायचा आणि माणसं ओल्या डहाळ्यांनी त्याला झोडपून काढायची. जंबो जेटची लाल रेघ आणि आजोबांची जाळरेषा, दोन्हींच्या मागे युक्ती एकच. आगीच्या पुढचं खाणं काढून घ्यायचं!

आपल्याकडेही आकाशातून मदत येते. एप्रिल २०२४ मध्ये नैनितालजवळची जंगलं पेटली, तेव्हा वायुसेनेच्या हेलिकॉप्टरने लोंबकळत्या बादलीत भीमताल तलावाचं पाणी भरून आगीवर ओतलं. पण आपले बहुतेक वणवे माणसाच्याच हातून लागतात. कुणी विडीचं थोटूक टाकतं, कुणी शेकोटी तशीच सोडतं, तर कुणी ‘गवत जाळलं की पुढच्या साली चांगलं उगवतं’ म्हणून मुद्दाम काडी लावतं. त्या एका काडीपायी पक्ष्यांची घरटी जातात, रोपं जातात आणि विझवायला गेलेल्या माणसांचे जीव धोक्यात येतात.

तेव्हा दोस्तांनो, सहलीला डोंगरावर गेलात, तर निघताना चुलीवर पाणी ओता, राख हाताने चाचपून गार झाली का बघा आणि मगच पाठ फिरवा. त्यासाठी विमान लागत नाही, तांब्याभर पाणी पुरतं.