नाडीची नोंद

बाळंतपण हा आपल्याकडे असा शब्द आहे की, तो उच्चारला म्हणजे पुढची चौकशी थांबते. केस गळतात? बाळंतपणामुळे. झोप येत नाही? लहान मूल घरात असता झोप कशी येणार? वजन उतरते? अंगावर पिणारे मूल आईला ओढूनच वाढायचे. ही उत्तरे बहुतेक वेळा खरी असतात, आणि अडचण नेमकी येथेच आहे. जे उत्तर बहुतेक वेळा खरे ठरते, ते एखाद्या वेळी खोटे ठरले तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. त्या एखाद्या वेळेत मी सापडले होते.

2022 सालच्या जुलै महिन्यात देहरादूनला मला मुलगा झाला. आम्ही उभयता केंद्र सरकारच्या नोकरीतले. माहेर सातारा, सासर सोलापूर. आई बाळंतपणासाठी आली ती डिंक, खारीक, अळीव आणि बाळंतशेपा यांचे एक स्वतंत्र गाठोडे घेऊनच. पहिले दोन महिने सुखाचे गेले. तिसरा महिना सरत आला तेव्हा मला एक चमत्कारिक भूक लागू लागली. आईचे लाडू मी सकाळ-संध्याकाळ खात होते आणि तरीही पदरातून वाळू गळावी तसे वजन गळत होते. ऑक्टोबरात डोंगराकडून गार वारा सुटला होता, घरातली माणसे शाल पांघरीत होती, आणि मी पंखा लावून बसत होते. रात्री मूल झोपले तरी मी जागी. उशीवर कान टेकला की काळजाचे ठोके ऐकू येत. बाळाला औषध पाजताना चमचा वाटीवर किणकिण वाजू लागला, तेव्हा आईने प्रथम माझ्या हाताकडे निरखून पाहिले आणि त्याच संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली.

हाताचे एक वेळ ठीक होते; स्वभावाचे काय करावे? मला साध्या साध्या गोष्टींचा संताप येऊ लागला. शेगडी कोठे ठेवली, लंगोट कोठे वाळत घातले, यावरून आवाज चढे. आई काही बोलत नसे. मुकाट्याने काम करी. यजमान कचेरीतून आले की दोघींच्या चेहऱ्यांवरून दिवसाचा अंदाज घेत. शेजारच्या गढवाली आजींनी एकदा माझ्या गळ्याकडे बोट दाखवून ‘घेंघा’ हा शब्द उच्चारला. त्यांच्या लहानपणी पहाडातल्या गावोगावी गळ्याला गाठी असलेल्या बायका दिसत. हिमालयाच्या पायथ्याच्या मातीपाण्यात आयोडीन कमी, म्हणून हे गलगंड होत. कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी यांनी 1956 पासून आयोडीनयुक्त मिठाचे प्रयोग केले आणि 1962 साली गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तो याच दुखण्यापायी. माझे दुखणे घेंघा नव्हते, मिठाशी त्याचा संबंध नव्हता. पण आजींची नजर योग्य ठिकाणी गेली होती एवढे खरे.

डॉक्टरीणबाईंनी मला दोन्ही हात समोर पसरावयास सांगितले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद वाऱ्याने हलावा तसा थरथरू लागला. नाडी बसल्या जागी मिनिटाला 118 होती. गरोदरपणापूर्वी 56 किलो असलेले वजन 49 वर आले होते. रक्त तपासले तेव्हा थायरॉइडचे स्राव पुष्कळ वाढलेले आणि टीएसएच जवळजवळ शून्य, असा निकाल आला. हा टीएसएच म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीने थायरॉइडला धाडलेला हुकूम. खालच्या कचेरीत काम गरजेपेक्षा अधिक होऊ लागले की वरून हुकूम सुटणे बंद होते. सरकारी नोकरीत असल्याने ही व्यवस्था मला समजावून घ्यावी लागली नाही.

निकाल पाहताच घरातल्या सर्वांनी, आणि फोनवरून सोलापूरकरांनीही, एकच प्रश्न विचारला : औषध कोणते? त्यावर डॉक्टरीणबाईंनी दिलेले उत्तर हाच या दुखण्याचा गाभा आहे.

त्या म्हणाल्या, स्राव वाढण्याची दोन कारणे असू शकतात. थायरॉइड ग्रंथी हा एक कारखाना आहे आणि त्याला लागूनच त्याचे कोठार आहे. तयार माल त्या कोठारात साठविलेला असतो. तो कित्येक आठवडे पुरेल इतका असतो. एका प्रकारात कारखानाच रात्रंदिवस चालू लागतो. शरीरात निर्माण झालेली काही प्रतिपिंडे त्याला सारखी चिथावीत असतात. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी 1835 साली या रोगाचे वर्णन केले, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. दुसऱ्या प्रकारात कारखाना जादा काम करीतच नाही. कोठाराच्या भिंतीला सूज येऊन ती फुटते आणि साठविलेला माल रक्तात सांडतो. गरोदरपणात पोटातल्या जिवाला परका समजून त्याच्यावर हल्ला होऊ नये, म्हणून शरीराचे संरक्षक दल आवरून धरलेले असते. प्रसूतीनंतर ते मोकळे सुटते आणि काही स्त्रियांत आपल्याच ग्रंथीवर चालून जाते. रोग दोन, पण नाडी, घाम, कंप आणि रक्ताचे आकडे बरेचसे सारखे.

कार्बिमॅझोल हे औषध कारखाना मंद करते. कारखानाच बेफाम झाला असेल तर ते हवेच. पण कोठार फुटले असेल तर त्याचा उपयोग काय? सांडलेला माल ते परत भरू शकत नाही. म्हणून आधी कारण शोधावयाचे. किरणोत्सर्गी आयोडीन देऊन करावयाची तपासणी अंगावर पाजणाऱ्या आईला वर्ज्य, कारण ते दुधात उतरते. म्हणून त्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करविली. ग्रेव्हज रोगाची प्रतिपिंडे माझ्या रक्तात नव्हती. ग्रंथीला सूज आणणाऱ्या प्रकाराची होती. दम्याचा त्रास नाही ना, हे विचारून त्यांनी छातीची धडधड शमविण्यासाठी प्रोप्रॅनोलॉलची लहान मात्रा दिली, दर पाच आठवड्यांनी रक्त तपासावयास सांगितले आणि म्हटले, “बाकी वाट पाहायची.”

“अगं, एवढ्या मोठ्या डॉक्टरीणबाई, आणि मूळ रोगाला औषधच नाही म्हणतात?” आई म्हणाली. सासूबाईंनी फोनवरून बजावले, “तुझं दूध बाळाला बाधेल हो, वरचं सुरू कर.” दोघींच्या बोलण्यात माया होती आणि दोघींच्या बोलण्याने मला रडू येई. डॉक्टरीणबाईंनी दूध चालू ठेवण्यास सांगितले होते, आणि मी ते चालू ठेवले. परंतु मुलाने एखाद्या दिवशी कमी प्यायले, की सासूबाईंचे वाक्य रात्रभर कानाशी वाजत राही.

त्या काळात मी एक वही घातली. सकाळी उठल्याबरोबर नाडी, आठवड्याने वजन, गोळीची वेळ, झोपेचे तास. लिपिकाला नोंद करता आली की अर्धा धीर येतो. 118, 112, 108, 96 : आकडे उतरू लागले. यजमान रोज सकाळी घड्याळ धरीत आणि मी लिहीत असे. एक दिवस आई ती वही चाळीत होती. चष्मा काढून म्हणाली, “म्हणजे ते तू नव्हतीस बोलत.” मी काहीच बोलले नाही. आपला राग आपला नव्हता हे ऐकून हलके वाटले खरे. पण मग आपली म्हणावी अशी माया तरी कितपत आपली, असा एक विचार मनात येऊन गेला. दिवाळी करून आई साताऱ्यास परतली.

डिसेंबरात आकडे बरोबर आले. जानेवारीत माझी 180 दिवसांची प्रसूतिरजा संपली आणि मी कचेरीत रुजू झाले, तो दुखण्याने पाठ फिरवून उलट्या दिशेने चाल केली. कोठार रिकामे झालेले, भिंत अजून दुरुस्त व्हावयाची. टीएसएच आता 22 वर गेला. जी मी ऑक्टोबरात पंखा लावीत होते, तीच टेबलाखाली हीटर ठेवून कुडकुडू लागले. एका साध्या पत्राचा मसुदा करण्यास दुपार लागे. बालसंगोपन रजेचा अर्ज मी दोनदा लिहिला आणि खणात ठेवला. या वेळी मात्र औषध होते : रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची लहानशी गोळी. मूल दीड वर्षाचे झाल्यावर मात्रा उतरवीत उतरवीत ती बंद केली. आता वर्षातून एकदा रक्त तपासते. कारण ही ग्रंथी पुढे केव्हा तरी कायमची मंद होण्याचा संभव असतो, आणि पुढील बाळंतपणात हेच दुखणे पुन्हा उद्भवण्याचाही.

माझ्या मावसबहिणीला भोपाळमध्ये बाळंतपणानंतर पाचव्या महिन्यात अशीच धडधड सुरू झाली. “तुझ्यासारखंच असेल, होईल बरं,” असे ती म्हणाली. मी तिला प्रतिपिंडांची तपासणी करविण्याचा आग्रह केला. तिचा कारखाना बेफाम होता. डोळेही किंचित पुढे आले होते. तिला कार्बिमॅझोल द्यावे लागले, आणि लहान मात्रेत ते घेत असता तिने बाळाला पाजलेही. ताप येऊन घसा दुखला तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासावयाचे, ही ताकीद तिच्या स्वयंपाकघरातल्या फडताळावर चिकटविलेली आहे. माझ्या उदाहरणावर विसंबून ती स्वस्थ बसली असती, तर माझे बरे होणेच तिला भोवले असते.

आपण बदलीची माणसे. आपल्या बाळंतिणींच्या उशाशी आई असते ती दोन-तीन महिने. आणि हे दुखणे बहुधा ती परत जाण्याच्या सुमारास, किंवा गेल्यानंतर, डोके वर काढते. ओळखीचा चेहरा किती उतरला हे सांगणारी आत्या-मावशी शेजारी नसते; शेजारी राहणाऱ्यांनी आपला पूर्वीचा चेहरा पाहिलेलाच नसतो. तेव्हा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घरातल्या बाईची भूक वाढून वजन घटत असेल, तर घड्याळ घेऊन तिच्या मनगटावर बोटे ठेवावीत आणि पूर्ण एक मिनिट मोजावे. आकडा मोठा आला तर तो लिहून ठेवावा, आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे.