निफ्टीच्या पाठीशी किती जण?

बाजार साडेतीनला मिटतो. माझं काम सुरू होतं ते संध्याकाळी एनएसईची भावकॉपी, म्हणजे दिवसभराच्या भावांची यादी, हाती आल्यावर. ईटीएफ, सोनेरोखे बाजूला काढायचे, फक्त शेअर ठेवायचे आणि मोजायचं: किती वाढले, किती पडले. त्यांतला फरक एकूण शेअर्सच्या संख्येने भागून कालच्या बेरजेत मिळवला की ॲडव्हान्स-डिक्लाइन रेषा एक दिवस पुढे सरकते. भागाकार मात्र टाळू नये. यादीची लांबी बदलत राहते, नुसता फरक फसवतो.

एवढा खटाटोप का, तर निफ्टीतल्या पन्नास कंपन्यांचं वजन सारखं नसतं. चार-दोन बड्या कंपन्या चढल्या की बाकीच्यांची पडझड झाकली जाते.

२०१८ हे साल मी नव्या माणसाला आवर्जून तपासायला सांगते. मिडकॅपचं, म्हणजे मध्यम आकाराच्या कंपन्यांचं शिखर जानेवारीतच होऊन गेलं. अर्थसंकल्पात दीर्घकालीन भांडवली नफ्यावरचा कर परतला, सेबीच्या नव्या वर्गवारीमुळे फंडांनी फेरमांडणी केली, लहान शेअर्समधली खरेदी आटली. निफ्टीने मात्र जुलैअखेर जानेवारीचा उच्चांक ओलांडला आणि २८ ऑगस्टला तो ११,७३८ वर बंद झाला. रिलायन्स, टीसीएस जोरात होते. मिडकॅप निर्देशांक अजून जानेवारीच्या बराच खाली. सप्टेंबरात आयएल अँड एफएस या वित्तसंस्थेची थकबाकी गाजली आणि २६ ऑक्टोबरला निफ्टी १०,०३० वर आला. ठिणगी तीच, पण लाकूड आठ महिने वाळत होतं.

तरीही जुलैअखेर ही विसंगती पाहून विकणाऱ्याच्या डोळ्यांदेखत निफ्टी आणखी पाच टक्के चढला. म्हणून अशा वेळी मी फक्त नवी खरेदी थांबवते, स्टॉपलॉस जवळ आणते. विकायचं ते भाव तुटल्यावरच.

तळाशी चाल वेगळी असते. हाव एकेका शेअरमधून ओसरते, भीती सगळ्यांना एकदम गाठते. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स १३ टक्के कोसळला, तेव्हा दोनशे दिवसांच्या सरासरीवर टिकलेले शेअर हुडकावे लागत होते. पण अशा टिकलेल्या शेअर्सचा आकडा नीचांकी आहे एवढ्यावर खरेदी करू नये, तो तिथेच रेंगाळू शकतो. उसळीत किती शेअर सामील होतात ते पाहावं. अमेरिकी बाजार-विश्लेषक मार्टिन झ्वाइग यांच्या कसोटीत वाढलेल्या शेअर्सच्या प्रमाणाची दहा दिवसांची एक्स्पोनेन्शियल सरासरी दहा दिवसांच्या आत ४० टक्क्यांखालून ६१.५ टक्क्यांवर जावी लागते. हे आकडे न्यूयॉर्कच्या बाजाराचे. इथल्या जुन्या भावकॉप्यांवर ते आधी घासून पाहावेत. तेवढा वेळ नसेल त्याने निदान ५२ आठवड्यांचे नवे नीचांक मोजावेत. निर्देशांक मागच्या तळाखाली गेला आणि तरी नवे नीचांक मागच्यापेक्षा कमी भरले, तर मी खरेदीची यादी काढून बसते.