दर दोन तासांनी कूस

शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असलेले सरकारी नोकर माझ्या पिढीत ढिगानं सापडतील. मी त्यांतलीच. खरी तारीख आईलाही सांगता यायची नाही. नागपंचमीच्या पुढंमागं, एवढंच ती म्हणायची. गुरुजींनी १ जून लिहिली. एक तारखेला जन्मलेल्यानं आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त व्हायचं असा नियम आहे, म्हणून ३१ मे २०२२ ला मी अठ्ठावन्नाव्या वर्षी परिसेविका म्हणून सेवेतून मोकळी झाले. त्याच दिवशी आमच्याकडं आणखी तिघांचे निरोपसमारंभ होते. शाल, नारळ, फोटो झाले आणि प्रत्येक जण म्हणाला, "सिस्टर, आता आराम करा."

पैशाची काळजी नव्हती. मी २००५ च्या कितीतरी आधी लागलेली, त्यामुळं जुनी पेन्शन. त्यातला चाळीस टक्के भाग विकायचा का, ती कपात पंधरा वर्षांनी थांबते, तोवरचा हिशेब कसा बसतो, शिल्लक रजेचे जास्तीत जास्त तीनशे दिवसांचे पैसे कधी मिळतात, हे सगळं ऑफिसातल्या क्लार्कनं महिनाभर आधीच समजावून सांगितलं होतं. त्याला फॉर्म होते, सह्या होत्या, तारखा होत्या. उरलेल्या आयुष्याचं काय करायचं याबद्दल मात्र कुणाशी बोलणंच झालं नव्हतं, आणि मीही ते कधी काढलं नव्हतं.

मॉर्निंग म्हणजे आठ ते दोन, इव्हिनिंग दोन ते आठ, नाइट रात्री आठ ते सकाळी आठ. या तीन पाळ्यांवर माझी झोप, जेवण, पोरांचे डबे, सणवार सगळं बेतलेलं होतं. साताऱ्याला घरी आल्यावर पहिले काही महिने मी रात्री दोनला टक्क जागी व्हायची. ती राउंडची वेळ. उठायची, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायची, खिडकी लावली आहे का बघायची, परत पडायची. दिवसा डोळा लागायचा नाही, कारण दुपारी झोपणं म्हणजे नाइट लागली आहे असं शरीराला वाटायचं की काय कोण जाणे. नव्यानं निवृत्त झालेल्या सिस्टर मला हे विचारतात तेव्हा मी सांगते की हे हळूहळू जातं, पण घाईनं जात नाही. सकाळचं ऊन आणि चालणं याचा मला सगळ्यांत जास्त उपयोग झाला. आमचे हे माझ्या चार वर्षं आधी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जातात. मीही जाऊ लागले. किल्ल्याच्या रस्त्यावर अर्धा सातारा भेटतो. वर वाऱ्यात उभं राहून खालच्या पेठा बघताना मला पहिल्यांदा जाणवलं की या गावात मी इतकी वर्षं नुसती झोपायला येत होते.

सूचना करणारे पुष्कळ होते. एका खाजगी दवाखान्याच्या डॉक्टरांनी इन्चार्ज म्हणून बोलावलं, पगारही बरा सांगितला. मी दोन दिवस विचार केला. पुन्हा ड्यूटी चार्ट, पुन्हा कुणाच्या तरी रजेसाठी माझा रविवार. नको म्हणून कळवलं. पुण्याहून मुलाचा फोन आला, "आई, तू इकडंच ये ना आता." नात तेव्हा दीड वर्षाची होती. मला ती फार प्रिय आहे, आणि म्हणूनच मी सूनबाईंशी समोरासमोर बसून बोलले. "तुझी परीक्षा असेल, बाळ आजारी असेल, पाळणाघर बंद असेल, तेव्हा मी हाक मारल्यासरशी येईन. पण कायमची येणार नाही," असं सांगितलं. तिनं क्षणभर बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं आई, स्पष्ट बोललात. मला विचारायला संकोच वाटत होता." तेव्हापासून आमचं उत्तम चाललं आहे. निवृत्त बाईचा वेळ हा घरातल्या सगळ्यांचा वेळ, असं आपल्याकडं धरूनच चालतात. तो कुणाला, किती आणि कधी द्यायचा हे तिनं स्वतः बोलून ठरवावं, असं माझं ठाम मत आहे.

भिशी झाली, भजनी मंडळ झालं. भजन मला आवडतं, अजूनही एकादशीला जाते. नगर वाचनालयाचं कार्ड काढलं. दिवस भरत होते. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ड्यूटी संपवून आल्यासारखं वाटायचं नाही, आणि ते वाटणं मला हवं होतं.

पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका घरी दवाखान्यातून आजींना आणलं. पक्षाघात, उजवी बाजू पूर्ण गेलेली, नाकात नळी, लघवीला कॅथेटर. सून धावत आली. "काकू, जरा बघता का? पाठ लाल झालीये." मी गेले. मऊ गादी, वर प्लॅस्टिक, त्यावर दोन चादरी आणि कमरेखाली रबरी रिंग. आजी सकाळपासून उताण्या. माकडहाडावर तळहाताएवढा लाल डाग. मी बोटानं दाबून सोडलं. निरोगी कातडी दाबली की पांढरी पडते आणि लगेच रंग परत येतो. हा डाग पांढरा पडलाच नाही. जखम आतून सुरू झाली होती.

"रोज पावडर लावून चोळते हो," ती रडवेली होऊन म्हणाली.

चोळायचं नाही, हे तिला पहिलं सांगितलं. आतल्या पेशींना रक्त मिळत नाही म्हणून तिथं लाल होतं. चोळण्यानं त्या आणखी तुटतात. रिंग काढायला लावली, कारण ती कडेनं दाबते आणि मधल्या भागाचं रक्त अडवते. मग कूस कशी बदलायची ते दाखवलं. ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला आपण उभं राहायचं. पलीकडचा गुडघा दुमडायचा, पलीकडचा हात पोटावर आणायचा, एक हात आजींच्या खांद्यामागं, दुसरा ढुंगणामागं, आणि आपल्याकडं ओढून घ्यायचं. लुळा हात धरून कधीही ओढायचं नाही, खांदा निखळतो. पाठीमागं उशी लावून अर्ध्याच कुशीवर ठेवायचं, पूर्ण कुशीवर ठेवलं तर कमरेचं हाड टोचतं. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवायच्या. एकदा मी केलं, एकदा तिच्याकडून करून घेतलं. ती पंचेचाळीस किलोची मुलगी, आजी सत्तरच्या पुढं. पहिल्या वेळी तिचे हात थरथरत होते. दुसऱ्या वेळी आजी अलगद वळल्या आणि ती माझ्याकडं बघून हसली. "एवढंच? एवढंच होतं काकू?"

त्याच कुशीवर चादर बदलायचीही शिकवली. जुनी चादर लांबीनं गुंडाळत पाठीशी न्यायची, नवी अर्धी अंथरून तिचीही अर्धी गुंडाळी पाठीशी ठेवायची, मग दुसऱ्या कुशीवर वळवून जुनी ओढून काढायची आणि नवी ताणायची. एकही चुणी राहू द्यायची नाही. पुठ्ठ्यावर वेळा लिहून भिंतीला लावल्या: डावी, उताणी, उजवी, दर दोन तासांनी. रात्री कोण उठणार हे ठरवायला मी तिच्या नवऱ्याला समोर बसवलं. तो म्हणाला, "मला जमणार नाही हो, आई आहे, कपडे वगैरे..." मी म्हटलं, "तुझे त्यांनी किती वर्षं बदलले?" तो उठला आणि हात धुऊन आला. डॉक्टरांनी जखम बघून मलम दिलं, एअर गादी आली. गादी आली तरी कूस बदलणं सोडायचं नाही हे मी पुन्हा पुन्हा बजावलं. तीन-चार आठवड्यांत डाग गेला.

या घरातून निघताना मला माझं काम कळलं होतं. इतकी वर्षं वॉर्डात डिस्चार्जच्या दिवशी मी नातेवाइकांच्या हातात फाइल देत आले. गोळ्या कधी, पुन्हा दाखवायला कधी, एवढं सांगून होईपर्यंत पुढचा पेशंट खाटेवर आलेला असायचा. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. ज्या ज्या ठिकाणी मी काम केलं तिथं रात्रपाळीला एकीच्या वाट्याला त्याच्या कितीतरी पट पेशंट असायचे. कूस कशी बदलायची हे घरच्यांना हाताला धरून शिकवायला मला सलग अर्धा तास मिळाला असं फार क्वचित झालं. आणि घरी गेल्यावर ते सगळं त्या घरातल्या एखाद्या सुनेच्या किंवा लेकीच्या गळ्यात पडतं, जिनं आयुष्यात कधी कॅथेटर बघितलेला नसतो. आता माझ्याकडं अर्धे तास होते.

एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. गोडोली, शाहूपुरी, सदर बझार, जिथून बोलावणं येईल तिथं सकाळी दहानंतर जाते. मी शिकवते, मी करत नाही. इंजेक्शन देत नाही, सलाइन लावत नाही, औषध बदलत नाही. त्यासाठी डॉक्टर आहेत. पैसे घेत नाही. घरातली निदान दोन माणसं शिकायला बसली पाहिजेत, त्यांत एक पुरुष असावा, असा माझा आग्रह असतो. एकट्या बाईवर वर्षभर दोन-दोन तासांची रात्र आली तर तीही अंथरुणाला खिळेल, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि दुपारी दोननंतर मी जात नाही. सुरुवातीला लोक रात्रीही फोन करायचे. नाही म्हणताना जिवावर यायचं, पण म्हटलं. दुपार माझी आहे. वाचते, झोपते सुद्धा, आता दुपारची झोप लागते.

शिकवायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. लघवीची पिशवी कायम ओटीपोटाच्या खाली अडकवायची, पण जमिनीला टेकवायची नाही. उचलून नेताना वर धरली की जुनी लघवी उलटी जाऊन ताप येतो. नळीतून पातळ अन्न देताना डोकं उंच हवं आणि दिल्यावर निदान अर्धा तास तसंच ठेवायचं. पक्षाघातानंतर गिळणं बिघडलेलं असेल तर चमच्यानं पाणी पाजायची घाई करायची नाही, साधं पाणीच सगळ्यांत आधी श्वासनलिकेत जातं. तोंड रोज साफ करायचं, नळी असली तरी. जखम भरायची तर नुसती भाताची पेज पुरत नाही, डाळ, दूध, चालत असेल तर अंडं पोटात गेलं पाहिजे. हे काही गुपित ज्ञान नाही. परिचर्येच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. पण ज्यांना रोज लागतं त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही.

काही घरी शेवट ठरलेला असतो. एका निवृत्त शिक्षकांना कर्करोग होता, पुढचे उपचार थांबवलेले. त्यांच्या मुलीला मी ओठ ओले कसे ठेवायचे, शेवटी शेवटी श्वासात घरघर येते तेव्हा घाबरून काय काय करत बसायचं नाही, कुशीवर कसं ठेवायचं, हे सांगितलं. वॉर्डात पडदा ओढून मी असे मृत्यू खूप पाहिले. घरी, स्वतःच्या खोलीत, लेकीचा हात कपाळावर असताना जाणारा माणूस मी नोकरीत फार क्वचित पाहिला होता. गुरुजी गेल्यावर महिन्याभरानं ती घरी आली. म्हणाली, "बाबांना एकही जखम नव्हती हो मावशी. अंघोळ घालताना सगळ्यांनी बघितलं." ती हे किती अभिमानानं सांगत होती! एखाद्या मुलीला वडलांच्या जाण्यानंतर धरायला हे इतकं मोठं असतं, हे मला तेव्हा समजलं. त्या संध्याकाळी मला ड्यूटी संपवून आल्यासारखं वाटलं.

आता आम्ही चौघी निवृत्त सिस्टर आहोत. वापरून झालेल्या वॉकर, व्हीलचेअर, एअर गाद्या लोक आणून देतात, त्या आम्ही धुऊन पुसून गरजूंना वापरायला देतो. त्या ठेवायला एकीच्या बंगल्यातलं गॅरेज मिळालं आहे. ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये महिन्यातून एका शनिवारी वर्ग घेतो. खाटेवर झोपायला आमच्यातलीच एक पेशंट होते, कारण खऱ्या माणसाचं वजन हाताला कळल्याशिवाय कूस बदलायला येत नाही. पुढच्या वेळी फक्त मुलगे आणि जावई यांचा वर्ग ठेवला आहे. अकरा नावं आली आहेत. आमच्या ह्यांनी स्वतःहून बारावं दिलं.