गालावरचा पांढरा डाग

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा भरली, की माझ्या चौथीच्या वर्गात दोन-तीन गालांवर तरी फिकट पांढरे डाग दिसतातच. लगेच कुजबुज सुरू होते, "बाई, त्याला कोड आलंय. मी नाही त्याच्या शेजारी बसणार!" घरी आजी म्हणते, "पोटात जंत झालेत." शेजारच्या काकू म्हणतात, "कॅल्शियम कमी पडतंय." बिचारा तो मुलगा गालावर हात ठेवून शेवटच्या बाकावर जाऊन बसतो.

एका मुलीने तर स्नेहसंमेलनातल्या नाचातून नावच काढून घेतलं. तेव्हा तिच्या आईबरोबर मीही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. डॉक्टर म्हणाले, "हा पिटिरियासिस आल्बा. इसबाचाच सौम्य प्रकार." ग्रीक भाषेत 'पिटिरॉन' म्हणजे कोंडा, लॅटिनमध्ये 'आल्बा' म्हणजे पांढरा. झाला की नाही पांढरा कोंडा!

हा डाग साधारण 3 ते 16 वर्षांच्या मुलांना होतो, कोरड्या त्वचेच्या मुलांना जास्त. त्याची कड अस्पष्ट असते, हात फिरवला तर किंचित खरखरीत लागतो आणि खाज नसते किंवा थोडीशीच असते. उन्हात आजूबाजूची त्वचा रापते, पण डाग रापत नाही, म्हणून तो उठून दिसतो. जंत किंवा कॅल्शियमशी त्याचा संबंध नाही. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. काही महिन्यांत, कधी वर्षभराने किंवा त्याहून उशिरा, आपोआप जातो.

मग करायचं काय? सौम्य साबण वापरायचा. आंघोळ झाल्यावर त्वचा ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावायचं. उन्हात टोपी घालायची. डाग घासायचा नाही, त्यावर लिंबू चोळायचं नाही आणि दुकानातून मनाने मलम आणायचं नाही.

पालकांनी मात्र एवढं पाहावं: डाग दुधासारखा पांढराशुभ्र आणि ठळक कडेचा असेल, गोल होऊन कडेला उठून खाजत असेल, किंवा तिथे स्पर्श कळत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावं. बधिर डाग कुष्ठरोगाचा असू शकतो. तोही औषधाने पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात ते औषध मोफत मिळतं.

आणि हो, कोडसुद्धा शेजारी बसल्याने होत नाही बरं का! तेव्हा उद्या शाळेत गेलात, की शेवटच्या बाकावरच्या मित्राला हाक मारा आणि आपल्या शेजारी बसवा.