चोवीस तासांची नोंद

आमच्या नातवास वैमानिक व्हावयाचें आहे. त्यासाठीं डीजीसीएची वर्ग १ ची वैद्यकीय तपासणी लागते. तींत त्याच्या ईसीजीमध्यें दोन ठोके अवेळीं उमटले, आणि चोवीस तास होल्टर बांधण्यास सांगण्यांत आलें.

ईसीजीची आम्हांस धास्ती होती ती विजेची; ती व्यर्थ. तें यंत्र शरीरांत वीज सोडीत नाहीं, हृदयाची स्वतःची वीज तेवढी वाचतें. छातीवर सहा व हातापायांस चार अशा तारा दहा; आलेख मात्र बारा! हें गणित आम्हां जुन्या मास्तरास अद्यापि सुटलेलें नाहीं. थंडीनें अंग कांपलें तरी रेघ बिघडते, म्हणून स्वस्थ पडून राहावें, एवढेंच उमेदवाराचें काम.

होल्टरचें निराळें. छातीस तारा, कमरेस डबी, स्नान वर्ज्य. बाकी जिने चढावे, जेवावें, निजावें, आणि कांहीं जाणवल्यास वेळेसह वहींत लिहावें.

रात्रीं साडेदहाच्या सुमारास नातू छातीवर हात ठेवून उठून बसला. सूनबाई हळूच म्हणाली, "लिहूं नकोस रे." छत्तीस वर्षें मुलांस सत्याचे पाठ देणारे आम्ही वर्तमानपत्रांत तोंड घालून गप्प बसलों.

"आई, डबीनें तें टिपलेंच आहे. आणि उद्यां माझ्या मागें दीडशें माणसें बसायचीं आहेत." बोलला आईशीं, पण पाहिलें आमच्याकडे. मग त्यानें लिहिलें : १०-३२, धडधड.

असे तुरळक ठोके निरोगी माणसांतहि आढळतात. ते किती व कोणत्या जातीचे यावर निर्णय ठरतो, असें डॉक्टर म्हणाले. अहवाल गुरुवारीं यावयाचा आहे. तोंवर नातवाच्या नजरेस नजर देणें आम्ही टाळीत आहों.