सावनेरचा फाटा आणि संत्र्याचा हंगाम

सोलापूर, तुळजापूर, नांदेड, यवतमाळ करीत गाडीने नागपूर गाठले की उत्तरेकडे जाणाऱ्यांपुढे प्रश्न पडतो, पुढचा रस्ता कोणता? बहुतेक जण सिवनीचा ४४ क्रमांकाचा महामार्ग धरतात. भोपाळकडे जायचे असेल तर मी सावनेरचा रस्ता सुचवीन. तेथे दोन वाटा फुटतात. ४७ क्रमांकाचा महामार्ग पांढुर्ण्यावरून, तापीच्या उगमाच्या मुलताईमार्गे बैतूलला जातो, तेथून पुढे भोपाळची वाट धरता येते. ५४७ क्रमांकाचा सौसरवरून सातपुड्याचा घाट चढून छिंदवाड्याला पोचतो.

पांढुर्णा आणि सौसर मध्य प्रदेशात, पण घराघरांत बोली मराठी. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, हा मुलूख मात्र मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून हे दोन तालुके वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला.

आता हंगाम. आपली कारहुणवी ज्येष्ठ पौर्णिमेला, तिकडे पोळा श्रावण अमावास्येला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगावचे लोक जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारतात. या गोटमारीत दरवर्षी माणसे जखमी होतात, जीवही गेले आहेत. मुलाबाळांसह त्या दिवशी तिकडे फिरकू नये. मे महिन्यात ऊन सोसवत नाही. डिसेंबरच्या अखेरीस पुढे उत्तरेत धुके दाटते. म्हणून नोव्हेंबर उत्तम. तेव्हा आंबिया बहराची संत्री उतरलेली असतात. सौसरजवळ जामसावळीला निजलेल्या मारुतीचे दर्शनही घडते.

आम्ही नोव्हेंबरातच गेलो. कर्नाटकची नंबरप्लेट पाहून पांढुर्ण्याजवळच्या संत्रेवाल्याने हिंदीत भाव सांगितला. सौ.ने मराठीत घासाघीस सुरू केली, तसा तो हसून मराठीवर आला. आमच्या लेकीने, जिला संत्र्याला आधी ‘कित्तळे’ आठवते, त्याला विचारले, “काका, तुमच्या शाळेत मराठी आहे?”

“नाही जी. शाळा हिंदीचीच. मराठी घरची हाय.”

गाडीत बसल्यावर लेक म्हणाली, “म्हणजे आपण घरी बोललो नाही तर संपलंच की.” मी नुसतीच मान हलवली. आपल्याकडेही घरात दोन भाषा नांदतात, आणि दोन्ही टिकवायच्या तर शाळेवर सोडून भागत नाही.

उत्तरेला जाताना पांढुर्ण्याची वाट धरा, येताना छिंदवाड्याहून घाट उतरून सौसरमार्गे या. दोन्ही गावी भाव मराठीतच विचारा.